ईलाय मॅनिंगचा जमाखर्च

न्यू यॉर्क जायंट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक ईलाय मॅनिंग सोळा हंगामांच्या सेवेनंतर जानेवारी २०२० मध्ये निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावे उघडलेल्या खात्यात साखळी सामन्यांतील विजय ११७ आणि पराजयही ११७ अशी नोंद होती. जमा आणि खर्च यांचा इतका तंतोतंत मेळ कोणत्याही दप्तरात क्वचितच बसत असेल. परंतु ज्या खात्याची शिल्लक शून्य, त्याच खात्यावर सुपर बोल या अजिंक्यपदाच्या दोन सामन्यांतले विजय आणि त्या दोन्ही सामन्यांतला सर्वोत्तम खेळाडूचा बहुमान हेही जमा आहेत. आणि हा बहुमान एकाहून अधिक वेळा मिळवणारे क्वार्टरबॅक त्या खेळाच्या इतिहासात बार्ट स्टार, टेरी ब्रॅडशॉ, जो मोंटाना, टॉम ब्रेडी, पॅट्रिक महोम्स आणि हा ईलाय असे अवघे सहा आहेत. पहिले तिघे ओहायो राज्यातील कँटन गावच्या कीर्तिमंदिरात केव्हाच विराजमान झाले, पुढच्या दोघांविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही, आणि सहाव्याचे नाव निघाले की मात्र दोन तट पडतात, आवाज चढतात, आणि एरवी शांतपणे जेवणारी माणसे हातातला काटा-चमचा खाली ठेवून एकमेकांना आकडे ऐकवू लागतात.

या परक्या मुलखातल्या तंट्याशी आपले काय, असे कोणी विचारील, तर जायंट्सचे क्रीडांगण न्यू यॉर्क शहरात नसून हडसन नदीपलीकडे न्यू जर्सी राज्यातील ईस्ट रदरफर्ड येथे आहे, एवढेच सांगणे पुरे. न्यू जर्सी हा आता आपल्यापैकी कितीतरी जणांच्या भाच्यापुतण्यांचा मुलूख झाला आहे. तिथल्या मराठी घरांत बाप अजून वानखेडेवरच्या कसोट्यांच्या आठवणी काढीत असतो आणि मुलगा पाठीवर दहाचा आकडा असलेला निळा सदरा घालून त्याच्याकडे काहीशा अनुकंपेने पाहत असतो. तेव्हा हा वाद परका असला तरी अगदीच अपरिचित नव्हे.

खेळाची माहिती नसलेल्या वाचकासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. या फुटबॉलमध्ये पायापेक्षा हाताचे काम अधिक. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे असते, आणि जवळजवळ प्रत्येक प्रयत्न क्वार्टरबॅकच्या हाती चेंडू येऊन सुरू होतो. सव्वाशे-दीडशे किलो वजनाचे पुरुष त्याला भुईसपाट करण्याच्या एकमेव हेतूने धावून येत असताना, दोन-तीन सेकंदांच्या अवधीत, धावणाऱ्या चार-पाच साथीदारांपैकी कोणाकडे चेंडू फेकावयाचा याचा निर्णय त्याने घ्यावयाचा असतो; आणि तो चेंडू प्रतिपक्षाने मध्येच झेलला तर त्या अपघाताला इंटरसेप्शन म्हणतात व त्याची नोंद त्याच्याच नावावर खर्ची पडते. परंतु ५३ जणांच्या संघात चढाईची तुकडी वेगळी, बचावाची वेगळी आणि लाथेने चेंडू मारणाऱ्यांची वेगळी अशी पक्की विभागणी असल्यामुळे, प्रतिपक्ष चढाई करीत असतो तेव्हा हाच पुरुषोत्तम बाकावर बसून असतो आणि इतर प्रेक्षकांप्रमाणेच जे घडेल ते पाहत असतो. असे असूनही सामना जिंकला की विजय त्याच्या खात्यावर, हरला की पराजयही त्याच्याच. पाऊस चांगला झाला तर पाटलाचा पायगुण आणि दुष्काळ पडला तर पाटलाचे पाप, असाच हा न्याय आहे.

माझे म्हणणे या ठिकाणी सुरू होते. ईलायचे विरोधक ११७ पराजयांचा दाखला देतात, त्याचे कैवारी दोन अजिंक्यपदांचा देतात, आणि दोन्ही पक्ष एकमेकांचे हाडवैरी असल्यासारखे भांडत असले तरी दोघांच्या मुळाशी एकच समजूत आहे: त्रेपन्न माणसांच्या श्रमाचे फळ एका माणसाच्या नावे लिहिता येते, ही ती समजूत. आपल्याकडे सुनील गावसकरच्या नावावर कसोटी सामन्यांतल्या १०,१२२ धावा आणि ३४ शतके लिहिली आहेत. फलंदाज गावसकरने किती कसोट्या ‘जिंकल्या’ असा रकाना कोणी आखला नाही, आखला असता तर मुंबईच्या मैदानांवर त्याची यथेच्छ टवाळी झाली असती. कर्णधाराचे विजय-पराजय मोजतात ते वेगळे, कारण तो अकराही जणांना हलवतो. क्वार्टरबॅक बचावाच्या तुकडीतल्या एकालाही हलवू शकत नाही.

या खतावणीचा फोलपणा सिद्ध करण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. ईलायच्या घरातच पुरावा आहे. त्याचे वडील आर्ची मॅनिंग हेही क्वार्टरबॅक होते. न्यू ऑर्लिन्स सेंट्स या त्या काळच्या दुबळ्या संघात त्यांनी उमेदीची वर्षे घालवली, आणि पुढे दोन संघ बदलूनही त्यांचा एकूण हिशेब ३५ विजय, १०१ पराजय आणि ३ बरोबरी असाच राहिला. म्हणजे पराजयांची संख्या विजयांच्या जवळजवळ तिप्पट. तरीही न्यू ऑर्लिन्सात आर्चीचे नाव आजही आदराने घेतले जाते, आणि त्या १०१ पराजयांचे माप त्यांच्या पदरात घालण्याचा कद्रूपणा तिथला कोणी जुना प्रेक्षक करीत नाही. आपल्या डोळ्यांदेखत जे घडले ते त्याला ठाऊक असते. अडवणूक करणारी फळी मोडून पडत होती आणि हा माणूस जीव घेऊन पळत होता, हे त्याने पाहिलेले असते. पित्याच्या बाबतीत ज्यांना ही गोष्ट सहज उमगते, त्यांनाच पुत्राच्या बाबतीत ती विसरावीशी वाटते, याचे कारण पुत्र न्यू यॉर्कसारख्या राजधानीत खेळला आणि राजधानीत मनुष्याचे मूल्य ठरविण्याची घाई अधिक असते, हे असावे. थोरला भाऊ पेटन याने पाच वेळा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवून तुलनेचा काटा कायमचा वर चढवून ठेवला होता, हेही एक.

घराण्याचे हे वतन ईलायकडे आले ते मात्र काहीशा गालबोटासह. २००४ च्या एप्रिलमध्ये नव्या खेळाडूंची वाटणी झाली तेव्हा पहिल्या निवडीचा हक्क सॅन डिएगो चार्जर्सचा होता, आणि आपण त्या संघाकडून खेळणार नाही असे मॅनिंग मंडळींनी आधीच कळवले होते. तरी चार्जर्सनी त्यालाच निवडले, त्याने व्यासपीठावर त्यांचा सदरा अवघडून हातात धरला, आणि तासाभराच्या आत त्याची रवानगी न्यू यॉर्ककडे झाली, बदल्यात चौथ्या क्रमांकावर निवडला गेलेला फिलिप रिव्हर्स आणि पुढच्या काही निवडींचे हक्क सॅन डिएगोला मिळाले. दुबळ्या संघात आयुष्य घालवलेल्या पित्याची सावली या निर्णयावर होती, असे तेव्हा सर्वत्र बोलले गेले. सॅन डिएगोच्या लोकांनी ही गोष्ट कधीही माफ केली नाही, आणि मला त्यांचा राग समजतो. ज्या व्यवस्थेत निर्बल संघाला प्रथम निवडीचा अधिकार केवळ समतोलासाठी दिलेला असतो, तिथे नामवंत घराण्यातल्या मुलाने तो अधिकार झुगारून द्यावा, हे काही शोभादायक नव्हते. त्या अदलाबदलीतला अधिक निर्दोष क्वार्टरबॅक सॅन डिएगोला मिळाला, असे म्हणणारे जाणकार आजही पुष्कळ आहेत. त्या रिव्हर्सने सुपर बोलचे मैदान खेळाडू म्हणून कधी पाहिले नाही.

आता त्या सुप्रसिद्ध हंगामाकडे वळू. २००७ सालचा ईलाय हा कोणत्याही मोजमापाने मध्यम प्रतीचा क्वार्टरबॅक होता: २३ टचडाउन, म्हणजे गोलरेषेपार पोहोचलेल्या फेकी, आणि २० इंटरसेप्शन. नोव्हेंबरच्या २५ तारखेला मिनेसोटाविरुद्ध घरच्याच मैदानावर त्याने चार चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हवाली केले, आणि त्यांतले तीन त्यांनी थेट गोलरेषेपार नेले. त्याच्या मुद्रेवर अशा वेळी जो एक हरवलेला, खांदे पाडलेला भाव येत असे, त्याला न्यू यॉर्ककरांनी ‘ईलाय फेस’ असे नावच पाडले होते. परंतु वर्षाच्या अखेरीस काहीतरी पालटले. तोवर अपराजित असलेल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सशी २९ डिसेंबरच्या सामन्यात जायंट्स ३८-३५ असे हरले खरे, पण त्या पराभवात ईलायने चार टचडाउन फेकले. नंतरचे तिन्ही बाद सामने जायंट्सनी परक्या मैदानांवर जिंकले, त्यांतला शेवटचा ग्रीन बे येथे उणे अठरा अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीत. आणि ३ फेब्रुवारी २००८ रोजी ॲरिझोनातील ग्लेंडेल येथे त्यांच्यासमोर पुन्हा तेच पेट्रियट्स उभे ठाकले. तोपर्यंत अठराच्या अठरा सामने जिंकलेले आणि साखळीत ५८९ गुणांचा तत्कालीन विक्रम केलेले.

पुढे जे झाले ते अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे. सामन्याची दोन मिनिटे एकोणचाळीस सेकंद उरली असताना, १४-१० अशा पिछाडीवर, ईलायने स्वतःच्या १७ यार्डाच्या रेषेपासून चढाई आरंभली. मध्यंतरी त्याचा एक चेंडू असांटे सॅम्युएल या प्रतिपक्षाच्या निष्णात खेळाडूच्या बोटांना लागून निसटला. तो त्याच्या हातात बसला असता तर सामना तिथेच आटोपला असता, पेट्रियट्सचा हंगाम निष्कलंक ठरला असता आणि प्रस्तुत लेखाला विषय उरला नसता. त्याच्या पुढच्याच प्रयत्नात दोन-तीन आडदांड प्रतिस्पर्धी ईलायचा सदरा मुठीत धरून ओढीत असता तो कसाबसा सुटला, मागे सरकला आणि त्याने मैदानाच्या मध्यभागी उंच चेंडू फेकला. डेव्हिड टायरी नावाच्या, त्या साखळीत अवघे चार झेल घेतलेल्या खेळाडूने तो हवेत उडी मारून पकडला, आणि प्रतिपक्षाचा रॉडनी हॅरिसन त्याचा हात हिसडीत असताना एका हाताने शिरस्त्राणावर दाबून धरीत जमिनीवर पडेपर्यंत सोडला नाही. बत्तीस यार्ड. त्यानंतर थोड्याच वेळात, ३५ सेकंद शिल्लक असता, प्लॅक्सिको बरेसने कोपऱ्यात चेंडू झेलला आणि जायंट्स १७-१४ असे जिंकले. टायरीने व्यावसायिक फुटबॉलमध्ये त्यानंतर एकही झेल घेतला नाही.

ईलायचे कैवारी आपली सारी वकिली या एका फेकीवर उभी करतात, आणि त्यांची गफलत तिथेच होते असे मला वाटते. त्या फेकीत धैर्य होते, चिवटपणा होता, याबद्दल वाद नाही; परंतु तीत कौशल्याइतकाच दैवाचा हात होता हे उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्यास मान्य करावे लागेल, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ५८९ गुण करणाऱ्या संघाला १४ गुणांवर अडवून ठेवण्याची किमया ज्यांनी केली ते मायकेल स्ट्रेहान, जस्टिन टक, ओसी उमेनिओरा हे बचावाच्या तुकडीतले होते. पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक ब्रेडी याला त्यांनी त्या रात्री पाच वेळा जमिनीवर लोळवले. त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरवण्याचे काम मजकडे असते, तर मी तो मान टकला दिला असता.

खरी कैफियत २०११ सालच्या हंगामाची आहे, आणि तिच्याकडे रसिकांचे लक्ष फारच थोडे जाते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये एका रेडिओ मुलाखतकाराने त्याला, तू ब्रेडीच्या श्रेणीतला आहेस काय, असे विचारले, आणि त्याने आढेवेढे न घेता होय असे उत्तर दिले. आदल्याच हंगामात २५ इंटरसेप्शन फेकलेल्या मनुष्याच्या तोंडी ही भाषा ऐकून देशभर हशा पिकला. त्यानंतर त्याने काय केले ते पाहा. त्या वर्षी जायंट्सचा पायी चढाई करण्याचा मार्ग जवळजवळ बंदच होता, कारण धावून मिळवलेल्या यार्डांत तो संघ बत्तिसांत बत्तिसावा होता. बचावफळी २००७ ची राहिली नव्हती. साखळीत त्यांनी ३९४ गुण केले आणि ४०० गुण दिले, म्हणजे केलेल्यापेक्षा दिलेले अधिक असूनही सुपर बोल जिंकणारा तो इतिहासातला पहिला संघ ठरला. ही तूट भरून काढली कोणी? ईलायने त्या साखळीत ४,९३३ यार्ड फेकले, आणि सामन्याच्या चौथ्या चरणात, म्हणजे निकाल लागण्याच्या वेळी, १५ टचडाउन केले. तो तेव्हाचा विक्रम होता. नऊ विजय आणि सात पराजय अशा ओढाताणीत संघ बाद फेरीत पोहोचला, तो मुख्यत्वे त्याच्या उजव्या हाताच्या बळावर.

आणि त्या हंगामातला सान फ्रान्सिस्कोचा सामना. २२ जानेवारी २०१२ चा तो दिवस पावसाचा होता, मैदान निसरडे झाले होते, आणि तिथल्या फोर्टीनाइनर्स संघाची बचावफळी त्या वर्षी देशातल्या सर्वांत कडव्या फळ्यांपैकी एक होती. ईलायने त्या चिखलात ५८ वेळा चेंडू फेकला, सहा वेळा तो फेकण्यापूर्वीच पाडला गेला, त्याखेरीज फेकल्यानंतर किती वेळा त्याला जमीन दाखवण्यात आली याची गणती ज्याची त्याने करावी; आणि तरी एकही चेंडू त्याने प्रतिपक्षाच्या हाती दिला नाही. काइल विल्यम्स या फोर्टीनाइनर्सच्या खेळाडूने दोनदा चेंडू सांडला नसता तर २०-१७ हा निकाल उलटा लागला असता, हेही खरे. दैवाला या माणसाच्या चरित्रातून संपूर्ण हद्दपार करता येत नाही. परंतु दैव दार उघडीपर्यंत दाराशी उभे राहण्यास बरगड्या शाबूत असाव्या लागतात. दोन आठवड्यांनी इंडियानापोलिस येथील सुपर बोलमध्ये त्याने सामन्याच्या आरंभीचे नऊच्या नऊ पास अचूक दिले, शेवटी मॅनिंगहॅम या साथीदाराकडे डाव्या सीमारेषेलगत ३८ यार्डांची फेक केली. तीत कोणाच्या शिरस्त्राणाचा संबंध नव्हता, दोन बचावपटूंच्या मधल्या वीतभर जागेतून चेंडू नेमका जिथे जावयाचा तिथे गेला होता. २१-१७. पुन्हा पेट्रियट्स, पुन्हा ब्रेडी.

माझ्या मते ईलायच्या थोरवीचा पुरावा हा आहे. रसिक मात्र टायरीच्या झेलाची चित्रे भिंतीवर लावतात आणि मॅनिंगहॅमच्या झेलाचे स्मरण जाता जाता करतात. लोकांना चमत्कार आवडतो. कारागिरीची त्यांना तितकीशी ओढ नसते.

इतर वर्षांविषयी फार लिहिण्यासारखे नाही आणि ते लपविण्यातही अर्थ नाही. बाद फेरीतले त्याचे आठही विजय या दोन हंगामांतले. एरवी चार वेळा तो तिथवर गेला आणि चारही वेळा पहिल्याच सामन्यात परतला. २०१३ साली त्याने २७ इंटरसेप्शन फेकले आणि संघ पहिले सहा सामने ओळीने हरला. २०१२ पासून निवृत्तीपर्यंतच्या आठ हंगामांत जायंट्स एकदाच बाद फेरीत दिसले. संपूर्ण कारकीर्दीत ५७,०२३ यार्ड आणि ३६६ टचडाउन. त्यांसमोर २४४ इंटरसेप्शन. वर्षअखेरीस पत्रकार जो सर्वोत्तमांचा संघ निवडतात त्यात त्याला एकदाही जागा मिळाली नाही. हे सारे त्याचे स्वतःचे आहे. याचा दोष बचावफळीवर ढकलता येणार नाही, आणि ११७ पराजयांच्या आकड्याला मी मानीत नसलो तरी २४४ चा आकडा मी मानतो.

रसिकांच्या मनात खरोखर काय आहे हे मात्र या आकड्यांवरून कळत नाही. ते २०१७ च्या नोव्हेंबरात कळले. त्या वर्षी संघाची दुर्दशा झाली होती, प्रशिक्षक बेन मॅकअडू याने ईलायला बाजूस सारून जीनो स्मिथला उभे करण्याचे ठरवले, आणि त्याच्या सलग २१० साखळी सामन्यांच्या सुरुवातीची परंपरा मोडू नये म्हणून एक तोडगाही पुढे केला: नावापुरती सुरुवात तू कर, नंतर दुसरा खेळेल. त्याने हा नजराणा नाकारला. नोंदीसाठी मैदानात उतरणे त्याला पसंत पडले नाही, आणि ३ डिसेंबरला ओकलंडच्या मैदानावर तो कडेला उभा राहिला. तेरा वर्षे ज्याच्या चुकांवर तोंडसुख घेतले त्याच माणसासाठी मग न्यू यॉर्ककर असे काही खवळले की दुसऱ्याच दिवशी मॅकअडू आणि मुख्य व्यवस्थापक जेरी रीस हे दोघेही बडतर्फ झाले. एरवी त्याच्या नावाने बोटे मोडणारे लोक त्या आठवड्यात त्याच्या बाजूने रस्त्यावर उतरण्याच्या बेतात होते. घरातल्या माणसाला आपण बोलावे, परक्याने बोलू नये, हा न्याय महाराष्ट्रात जितका चालतो तितकाच न्यू जर्सीतही चालतो, असे दिसते. २०१९ मध्ये डॅनियल जोन्स या तरुणाकडे सूत्रे गेली. त्याच्या घोट्याला दुखापत झाल्यामुळे डिसेंबरात ईलायला दोन सामने मिळाले, एक हरला, १५ डिसेंबरला मायामीविरुद्धचा जिंकला, आणि खाते ११७-११७ वर मिटले. जोन्सचा घोटा आठवडाभर आधी बरा झाला असता तर आज विरोधकांच्या हाती ११६-११७ असे अधिक सोयीचे हत्यार असते. इतक्या पोकळ पायावर माणसे किती मोठे वाद उभारतात!

उरला प्रश्न कँटनचा. निवृत्तीनंतर पाच वर्षे लोटल्याखेरीज तेथे नावाचा विचार होत नाही, आणि सुमारे पन्नास जणांच्या निवड मंडळात ऐंशी टक्के मते पडल्याखेरीज प्रवेश मिळत नाही. ईलायचे नाव २०२५ साली प्रथम मंडळापुढे आले आणि त्याची निवड झाली नाही. जायंट्सच्या गोटात त्यावरून अन्यायाची ओरड झाली. मला तो अन्याय वाटत नाही. ज्या संघातून तो निवृत्त झाला त्या संघाने त्याचा दहा क्रमांक २०२१ मध्येच कायमचा राखून ठेवला, समाजकार्यासाठीचा वॉल्टर पेटन पुरस्कार त्याला २०१६ च्या हंगामासाठी विभागून मिळाला, घरच्यांनी द्यावयाचे ते सर्व दिले. कँटनने विचार करावयाचा तो केवळ मैदानातल्या कर्तृत्वाचा, आणि त्या कसोटीवर तो पहिल्या रांगेत बसत नाही. जो नेमथ या न्यू यॉर्क जेट्सच्या क्वार्टरबॅकचे उदाहरण त्याचे पाठीराखे हमखास देतात: त्याचे टचडाउन १७३ आणि इंटरसेप्शन २२०, विजयांपेक्षा पराजय एकाने अधिक, तरी १९८५ मध्ये तो कँटनला गेला. पण नेमथ १९६७ साली एका हंगामात ४,००० यार्डांपलीकडे फेकणारा पहिला पुरुष ठरला होता, आणि १९६९ च्या जानेवारीत बाल्टिमोर कोल्ट्सना हरवून त्याने एका संपूर्ण प्रतिस्पर्धी लीगला प्रतिष्ठा मिळवून दिली. ईलायच्या विजयांनी खेळाची अशी काही घडी बदलली नाही. माझ्या हाती मत असते तर मी ते ईलायला दिले असते, २०११ सालासाठी आणि तेरा वर्षे एकही सामना न चुकवता उभे राहिल्याबद्दल दिले असते, आणि पहिली काही वर्षे त्याला बाहेर बसू दिल्यानंतरच दिले असते.

परंतु जे केवळ दोन अजिंक्यपदांसाठी मत देऊ इच्छितात त्यांनी आधी एका जुन्या अर्जाचा निकाल लावला पाहिजे. १९७१ च्या वाटणीत आर्ची मॅनिंग दुसरे निवडले गेले. त्यांच्याआधी, पहिला, जिम प्लंकेट निवडला गेला होता. अंध मातापित्यांच्या पोटी वाढलेला हा कॅलिफोर्नियातला मुलगा पेट्रियट्सकडून खेळताना मार खाऊन खाऊन मोडला, फोर्टीनाइनर्सनी त्याला काढून टाकले, आणि ओकलंड रेडर्सच्या बाकावर बसून कारकीर्द संपणार असे दिसत असता १९८० मध्ये पहिल्या क्वार्टरबॅकचा पाय मोडल्यामुळे त्याला पुन्हा उभे करण्यात आले. २५ जानेवारी १९८१ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे त्याने रेडर्सना सुपर बोल जिंकून दिला आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. त्याच गावी तीनच आठवड्यांपूर्वी मॅनिंगांच्या घरी ईलाय जन्मला होता. १९८४ मध्ये प्लंकेटने दुसरा सुपर बोल जिंकला. साखळी सामन्यांतला त्याचा हिशेब ७२ विजय आणि ७२ पराजय. कँटनचे दार त्याच्यासाठी तीस वर्षांहून अधिक काळ उघडलेले नाही, आणि न्यू यॉर्कच्या ज्या वृत्तपत्रांतून ईलायच्या हक्कांविषयी रकाने भरून येतात, त्यांत प्लंकेटचे नाव अभावानेच आढळते. तो आज पंच्याहत्तरी ओलांडून बसला आहे. अजिंक्यपदे मोजूनच प्रवेश द्यावयाचा असेल, तर मंडळींनी त्याचा मुहूर्त आणखी लांबवू नये.